बारा पावलांची साखळी

दस्तगीरचाचांशी माझी ओळख कुणी करून दिली नाही. करून दिली ती त्यांच्या पायाशी. लढाईचे दिवस होते, रॉकेल चिठ्ठीवर मिळत होतं, आणि मुंबईला डॉक्टरकी शिकून आलेला मी तिसगावात बाजारतळाच्या कडेला दोन खोल्यांचा दवाखाना थाटून रोग्यांची वाट बघत बसलो होतो. रोगी येत नव्हते. त्यामुळे रस्त्यानं कोण येतं, कोण जातं, याचा माझा अभ्यास मात्र जोरात चालला होता. एका बाजारच्या दिवशी शेजारचा शिंपी दातानं दोरा तोडता तोडता म्हणाला, "डाक्टर, त्यो पाय बघा."

गर्दीतून एक उंच, सडपातळ म्हातारा चालला होता. पांढरी दाढी, गुडघ्याच्या जरा खाली येणारा पायजमा, वर फिकट हिरवा सदरा. नजर समोर, लांब कुठंतरी. बाजारात सगळे खाली बघून चालतात, नाहीतर मालाकडं बघून. हा माणूस मात्र बाजार तिथं नसल्यासारखा चालला होता. लोक आपणहून बाजूला होत होते.

"काय झालंय पायाला?" मी आशेनं विचारलं.

"व्हायचंय काय? सरकारी साखळी चुकंल, पर त्यो पाय चुकायचा न्हाई."

माझा रोगी गेला, पण गोष्ट मिळाली. दस्तगीरचाचांनी उभी हयात मोजणीखात्यात साखळी ओढली होती. शेत मोजायची साखळी तेहतीस फुटांची. तेवढी लांब आणि तेवढीच रुंद जागा म्हणजे एक गुंठा. ती लोखंडी साखळी काट्याकुट्यांतून, नांगरटीतून, ओढ्यातून ओढत ओढत चाचांच्या पायातच उतरली होती. बारा पावलं टाकली की बरोबर एक साखळी भरायची. चढ असो, उतार असो, ढेकळं असोत. नव्यानं आलेल्या एका मोजणीदार साहेबाला हे खरं वाटेना. त्यानं चाचांना शंभर साखळ्या चालायला लावलं आणि मागून लोखंडी साखळी ओढून घेतली. फरक निघाला वीतभर. साहेबानं पुन्हा एकदा मोजलं, तर ती वीत साखळीच्या एका वाकलेल्या कडीची निघाली, असं गावातले लोक शपथेवर सांगत. मी तो साहेब पाहिला नाही आणि ती कडीही. पण पुढं चाचांना चालताना पाहिलं, आणि मग मला ते खोटं वाटेनासं झालं.

सरकारी मोजणी यायला वर्ष वर्ष लागे. त्यामुळे वाटणी करायची असली की आसपासच्या गावांतून चाचांना बोलावणं यायचं. त्यांची रीत ठरलेली. मोजणी होईपर्यंत दोन्हीकडचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. दोन्ही वाटेकऱ्यांनी मागं चालायचं, पुढं कुणी जायचं नाही. बोलायचं नाही. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायचा. चार बोटं, बारा पेरं. शेवटच्या पेरावर अंगठा आला की साखळी झाली. मग उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात जायचा. असं चालत चालत ते बांधाला पोचले की त्यांच्या चेहऱ्यावर नुकतंच झोपेतून उठल्यासारखा भाव असायचा.

"चाचा, चालताना काय दिसतं हो तुम्हाला?" मी एकदा विचारलं होतं.

"काय न्हाई दिसत. रान झोपल्यालं असतं, डाक्टरसाब. त्याला न उठवता मोजायचं. जागं झालं की अंग चोरतं."

हे ते चेष्टेनं बोलत नव्हते. त्यांचा खरोखरच तसा विश्वास होता. रानाची मोजणी करायचे, पण घराची करायला साफ नकार द्यायचे. दोन भाऊ एकदा माझ्याच ओसरीवर त्यांना गळ घालत होते, की मधली भिंत घालायचीय, तेवढी चार पावलं टाका. चाचा म्हणाले, "रानाला राग येत न्हाई. ते आपलं कुनाचंच नसतं. घराला येतो." भाऊ हिरमुसले होऊन गेले. भिंत पुढं त्यांनी दोरीनं मोजून घातली असेल.

दवाखाना रिकामा असल्याचा एक फायदा म्हणजे चाचा दुपारचे माझ्याकडं येऊन बसू लागले. बाकावर टेकायचे, डोळे मिटायचे. मी एखाद्या गावाचं नाव घ्यायचो, की त्यांचा अंगठा पेरांवरून चालू लागे. "मढीच्या वाटंनं निघालं, की पहिला ओढा. तिथनं सतरा साखळ्यावर जांभळीचं झाड हुतं, आता न्हाई. त्याच्या म्होरं खडकाळ. तिथं पाय जरा दमानं टाकायचा." उन्हं ओसरीवरून सरकत जायची आणि हा माणूस बसल्या जागी पाथर्डी तालुका चालून यायचा. मीही डोळे मिटायचो. कधी कधी मला डुलकी लागायची, आणि जागा व्हायचो तेव्हा चाचा करंजीच्या घाटात पोचलेले असायचे. त्या दुपारींइतका निवांतपणा मला पुन्हा आयुष्यात मिळाला नाही, हे मी सरळ कबूल करतो.

त्यांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट नेहमी यायची, आणि तिचा त्यांना अभिमान होता. दोन सारखे वाटे करायचे असले की ते अर्धंच रान मोजायचे. एकूण लांबी कागदावर असायचीच. तिचं निम्मं चालायचं, दगड रोवायचा, झालं. "अर्धं खरं मोजलं की उरल्यालं आपसूक खरं," असं ते म्हणायचे. दुसरी बाजू मोजणं म्हणजे स्वतःच्या पायावर शंका घेणं, आणि ती त्यांनी कधी घेतली नव्हती. लोकांनीही दुसऱ्या बाजूची मोजणी कधी मागितली नव्हती.

आता मी जे सांगणार आहे त्यात माझी चूक आहे. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

श्रावणातली गोष्ट. चाचा आले, पण नेहमीसारखे बाकावर बसले नाहीत. दारातच उभे राहिले. आत एक बाई मुलाला घेऊन बसली होती. मला वाटलं, ती बाहेर पडेपर्यंत चाचा अदबीनं थांबलेत. ती गेल्यावरही ते क्षणभर उंबऱ्याशी तसेच थांबले, मग एकदम चार-पाच बारीक पावलं टाकत आत आले.

"डाक्टरसाब, एक इचारायचं हुतं. हसू नका."

"बोला की."

"गाव लांब झालंय."

मी हसलो.

"घरापास्नं मशिदीपत्तुर चोपन्न साखळ्या. तीस वर्सं झाली, रोजचं चालनं हाय. आता एकसष्ट भरत्यात. तीनदा चाललो. अंगठा चुकत न्हाई माजा." ते बाकावर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मला वाटतंय, जमीन वाढतीय. लढाईत बाँब पडत्यात म्हनं. त्यानं कुठं ढिली झाली आसंल का?"

काय सांगू? मला ती कल्पना फार आवडली. बाँबनं ढिली झालेली, शिवण उसवून हळूहळू पसरत चाललेली पृथ्वी. मी घरी जाऊन बायकोलाही सांगितली. चाचांना मात्र मी सांगितलं की वय झालंय, दूध घेत जा, आणि लाल औषधाची एक बाटली दिली. त्यांचा पाय पाहिला नाही. नाडी पाहिली नाही. उन्हाळ्यात एका सकाळी त्यांची जीभ अर्धा दिवस जड झाली होती आणि तोंड एका बाजूला ओढलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ज्या माणसाचा पाय बघायला मला गावानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, त्याचा पाय मी डॉक्टर असून बघितला नाही. आजही हे आठवलं की माझं तोंड कडू होतं.

भाद्रपदात गावाबाहेरच्या दोघी जावांनी वाटणीसाठी चाचांना बोलावलं. थोरली सखुबाई, धाकटी गंगाबाई. दोघींचे नवरे गेलेले, दोघी एकाच घरात नांदत होत्या, पण आता मुलं मोठी झाली होती आणि रान वेगळं करायचं ठरलं होतं. कागदावर रान चोवीस साखळ्या लांब. चाचांनी उगवतीच्या बांधापासून बारा साखळ्या चालून दगड रोवला. उगवतीकडचं सखुबाईला, मावळतीकडचं गंगाबाईला. दोघींनी दगडाला कुंकू लावलं. मग चाचांनी दोघींच्या हातचं पाणी घेतलं आणि घरी आले.

आश्विनात पेर झाली. दोघींचं रान एकाच माणसानं, एकाच तिफणीनं पेरलं. ज्वारी उगवून वर आली तेव्हा सखुबाई बांधावर उभी राहिली आणि तिनं तासं मोजली. पेरलेल्या ओळीला आमच्याकडं तास म्हणतात. आधी आपली, मग जावेची. जावेकडं साठाच्या वर तासं जास्त निघाली.

बाईनं दुसऱ्या दिवशी नाही, थेट बाजाराच्या दिवशी तोंड उघडलं. माझ्या दवाखान्यासमोर, भर गर्दीत, चाचा येताना दिसले तशी ती रस्त्यात आडवी उभी राहिली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, आवाज खणखणीत.

"चाचा, काय दिलं तुला गंगीनं? तिच्या भावानं बकरं पोचतं केलं म्हनत्यात, खरं हाय का? ह्या पायानं माजं रान खाल्लं! रांडमुंड बाईचं रान खाल्लं!"

बाजार थांबला. चाचांना तिथून निघून जायचं होतं, ते दिसत होतं. पण ते निघाले नाहीत. वरचं अंग पुढं झुकलं, पाय मात्र होते तिथंच राहिले. लोकांना वाटलं, गुन्हा कबूल आहे, म्हणून मान खाली घालून उभा आहे. मी खिडकीतून बघत होतो आणि त्या क्षणी उठलो. कारण ती शरम नव्हती. मुंबईला वॉर्डात मी असे पाय पाहिले होते.

मी धावत गेलो, त्यांना धरून आत आणलं. या वेळी सगळं बघितलं. पाऱ्याचं यंत्र दंडाला बांधलं, तर पारा इतका वर गेला की मी दोनदा मोजलं. पण हात? हात तरुणाचे. सुईत दोरा ओवायला दिला, पहिल्या झटक्यात ओवला. बोटांना कंप नाही, चेहरा बोलका, आवाज स्वच्छ. फक्त कमरेखाली कुणीतरी माणूस बदलून दुसरा ठेवलेला. निजवून पाय सायकलसारखे फिरवायला सांगितले, तर छान फिरवले. उभं केलं, की पाय जमिनीला चिकटले.

त्यांची बायको, आमिनाचाची, एव्हाना धावत आली होती. ती म्हणाली, "मला ठावं हुतं की. दोन-तीन म्हैने झालं, ह्यांचे पाय घासत्यात. आमचं अंगन झाडावंच लागत न्हाई." आणि हसता हसता ती रडायला लागली.

मग मी मागच्या अंगणात राख पसरली आणि चाचांना चालायला सांगितलं. बारा पावलं. अंगठा पेरांवरून एकेक करून सरकला, बाराव्यावर थांबला. मी टेप काढला. तेहतीसच्या जागी सव्वीस फूट.

चाचा त्या राखेकडं बघत राहिले. तिथं त्यांचीच पावलं उमटली होती, पण जवळ जवळ, अंगाला अंग लावून बसल्यासारखी. मग म्हणाले, "म्हंजे जमीन न्हाई वाढली."

"नाही चाचा."

"तरी म्हनलं, एवढी कशी वाढंल."

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. मळ्यात पाटाचं पाणी सोडतो, तो पाट गाळानं भरत आला की जवळचे वाफे भिजतात, टोकाचे कोरडे राहतात. मेंदूत रक्ताचे असेच बारीक पाट असतात. तुमचे काही बुजलेत. ज्या वाफ्यांतून पायांना हुकूम सुटतो, तिथं पाणी पोचत नाहीये. चाचांनी हे एकदम पकडलं. मग त्यांनी जे विचारलं, ते ऐकून मी चाट पडलो.

आमच्या गावात एक जुने मास्तर होते. त्यांना कंपवात होता. बसल्या जागी हात थरथरायचे, चेहरा मुखवट्यासारखा झालेला, चालही बारीक पावलांची. चाचा म्हणाले, "मास्तरबी आसंच चालत्यात. पर त्यांचे हात कापत्यात, माजे न्हाईत. मंग त्यांचा आन माजा आजार एक का दोन?"

हा प्रश्न मी माझ्या मुंबईच्या प्राध्यापकांना पत्रानं आधीच विचारायला हवा होता. तो तिसगावच्या साखळीवाल्यानं मला विचारला. मी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, की रक्तवाहिन्या कठीण होऊन कंपवातासारखं दुखणं होतं असं काहींचं मत आहे. पाय आधी जातात, हात वाचतात, कंप नसतो, आणि पायरी पायरीनं उतरत जातं. पण त्याला वेगळा आजार म्हणायचं, की म्हातारपणी दोन दुखणी एकाच देहात राहायला आली म्हणायचं, यावर एकमत नाही. शेवटी एक ओळ होती: रोगी दगावल्यास मेंदू पाहायला मिळाला तर जरूर पाहावा. ते पत्र मी घडी करून पुस्तकात ठेवलं आणि ती शेवटची ओळ चाचांपाशी किंवा चाचीपाशी कधी काढली नाही. पुढं बरीच वर्षं मी डॉक्टरांच्या सभांमधून हा वाद ऐकला. प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांसमोर राखेतली पावलं यायची.

चाचांना मी सांगितलं, "एक का दोन, ते मलाही माहीत नाही. मोठ्या डॉक्टरांनाही नाही."

"न्हाई म्हाईत म्हनलात, बरं वाटलं," ते म्हणाले. "श्रावनात तुमाला सगळं म्हाईत हुतं."

एवढंच बोलले. यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोसल्या असत्या.

मी म्हणालो, की मी चावडीवर येतो, सगळ्यांना सांगतो की हा आजार आहे, तुमचा काही दोष नाही. ते सखुबाईलाही पटेल. चाचांनी मान हलवली. "आजार माजा, तर चूक कुनाची? अर्धंच मोजलं मी. दुसरी बाजू चाललो आसतो तर कळलं आसतं. डाक्टरसाब, आनी एक. आजार म्हनलं, की लोक इचारतील, कवापास्नं? मंग तीस वर्सांत मोजलेलं सगळं रान उकरून काढतील. बांधाबांधावर डोकी फुटतील."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गप्प राहावं, तर सखुबाईचं रान गेलं आणि आपण लाचखाऊ ठरलो. बोलावं, तर रोवलेला एकेक दगड हलणार. दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. आमिनाचाची सांगत होती, की नुसते भिंतीला टेकून बसतात, जेवण तसंच परत जातं. तिसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीतून दवाखान्यापाशी उतरले. जीभ जड झाली तो दिवस त्यांनी नीट आठवून काढला होता. त्या दिवसानंतर त्यांनी तीन रानं मोजली होती. तीनच. त्याआधी पाय खरा होता, याची त्यांना खात्री होती.

"तिन्ही रानात साखळी वढायची. म्या सोता सांगनार. तलाठ्याकडं जुनी साखळी हाय. तुमी फकस्त संगं चला. आनी त्यो दीस लोकांना सांगा, डाक्टर म्हनून. त्याच्या आदीचं कुनी उकरू नगा म्हनावं."

मी गेलो. पहिल्या दोन रानांत माणसं शहाणी निघाली; साखळी ओढली, दगड सरकवला, कुणी आवाज चढवला नाही. तिसरं रान जावांचं.

कार्तिकातली सकाळ होती. धुकं नुकतंच विरत होतं आणि गुडघ्याएवढ्या ज्वारीवर ऊन पडायला लागलं होतं. अर्धं गाव जमलं होतं. सखुबाई बांधावर उगवतीकडं उभी, गंगाबाई मावळतीकडं. पेर उगवल्यापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. चुली वेगळ्या झाल्या होत्या. चाचांनी बांधाशी वहाणा काढल्या आणि चाचीच्या आधारानं दगडापर्यंत आले. तलाठ्याच्या माणसांनी साखळी ओढली. लोखंड ज्वारीतून सळसळत गेलं. दगड दीड साखळीला थोडा कमी, एवढा चुकला होता. सखुबाईनं मोजलेली तासं सांगत होती तितकाच.

चाचा दगडाशी उभे राहिले. आवाज मोठा केला.

"सखू म्हनती ते खरं हाय. तिचं रान ह्या पायानं खाल्लं. पर गंगानं मला काय दिलं न्हाई, तिच्या भावानं न्हाई. उन्हाळ्यात मला झटका आला, त्या दिसापास्नं माजं पाऊल आखडलं आन ते मला कळलं न्हाई. मी जमिनीवर संशय घेतला, पायावर घेतला न्हाई. आजपास्नं मी रान मोजनार न्हाई. तुमी मला बोलवू नगा."

मी झटक्याचा दिवस सांगितला, आजार सांगितला. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. दोन माणसांनी दगड उपसला आणि नव्या जागी रोवला. गंगाबाईच्या उगवलेल्या ज्वारीतली कितीतरी तासं पलीकडं गेली होती. सखुबाई खाली बघत होती.

काम संपलं होतं. गाडी पन्नासेक पावलांवर, बांधापलीकडं उभी होती. चाचा वळले, आणि पाय रुतले. अंग पुढं, पाय मागं. सगळं गाव बघत होतं. मागं कुणीतरी पोरगं फिदीफिदी हसलं. चाची पुढं झाली, तर ते म्हणाले, "धरू नगं. दोघंबी पडू." मी पुढं झालो, मलाही त्यांनी हातानंच थांबवलं. ज्याच्या पायामागं दोन्हीकडचे लोक गुपचूप चालत गेले, तो माणूस त्या लोकांसमोर एक पाऊल टाकू शकत नव्हता. मला रडू येत होतं आणि मी तलाठ्याच्या दप्तराकडं बघत राहिलो.

तेवढ्यात सखुबाई बांधावरून उतरली. चाचांच्या वहाणा तिच्या हातात होत्या. आमच्याकडं बाईमाणूस परक्या पुरुषाच्या वहाणांना हात लावत नाही. तिनं त्या आणल्या, वाकून त्यांच्या पायांपुढं ठेवल्या आणि म्हणाली, "घाल चाचा. थंडी हाय. मी लई बोलले तुला."

चाचांनी खाली बघितलं. उजवा पाय उचलला, पण वहाणेत घातला नाही. वहाण ओलांडून पलीकडं टाकला. चांगला लांब टाकला. मग डावा.

सखुबाईनं माझ्याकडं बघितलं. मला काही कळत नव्हतं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. तिला बहुतेक कळलं, की पुढं ओलांडायला काही असलं की पाय सुटतो. तिनं वहाणा उचलल्या, पुन्हा त्यांच्या पुढं आडव्या ठेवल्या. चाचांनी पुन्हा ओलांडल्या. पुन्हा ठेवायला तिला वेळ लागत होता, तेवढ्यात पाय अडत होता. तेव्हा बांधाच्या मावळतीकडून गंगाबाई आली. तिनं जावेच्या हातातली एक वहाण काढून घेतली.

दुसऱ्याच आठवड्यात मला लष्कराच्या दवाखान्यातून बोलावणं आलं आणि मी तिसगाव सोडलं. चाचा पुढच्या पावसाळ्यात गेले, ते मला पत्रानं कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी, गाडीकडं जाताना. एकीनं उजव्या पायापुढं वहाण ठेवायची, त्यांनी ओलांडायची, की दुसरीनं डाव्यापुढं ठेवायची. दोघी जावा वाकून वाकून मागं सरकत होत्या, "आता माजी," "आता तुजी घे," असं एकमेकींना सांगत होत्या, आणि समोरून दस्तगीरचाचा चालत येत होते.